आधी पाणी, मग पावडर

ठाकुर्ली
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

शीलाताईंना भगवान धुरीचा नमस्कार.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोललो की बाळ दचकतं. सलिलराव म्हणाले, "बाबा, तुम्ही लिहूनच द्या. ऑफिस सुटल्यावर मी आईकडे चहाला जातोच, तेव्हा देतो." म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नका. तुम्ही शाळेत मराठी शिकवलेल्या, तुम्हाला लिहायचं म्हणजे परत सातवीच्या बाकावर बसल्यासारखं वाटतंय.

आमची योगिनी सोमवारपासून कामावर जायला लागली. नोकरी कंत्राटी, तीन महिन्यांच्या वर रजा मिळाली नाही. बाळंतपणानंतरचं तिचं ऑपरेशन, ती औषधं आणि मग दूध आटलं, हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी आठला ती बाळाला चौथ्या मजल्यावरून माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर आणून देते आणि संध्याकाळी सातला घेऊन जाते. मधल्या तीन बाटल्या माझ्या.

एकटा पुरुषमाणूस काय करणार, अशी तुम्हाला काळजी वाटत असेल. ती सोडा. मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी लॅबमध्ये होतो. द्रावणं बनवायची, हेच काम. दुधाचं पण तसंच करतो. बाटली वीस मिनिटं उकळून कोरडी करतो. डब्यातला मापाचा चमचा दोनदा ठोकून दाबून भरतो, म्हणजे आत हवा राहत नाही. असे चार चमचे बाटलीत घालतो. मग उकळून कोमट केलेलं पाणी बरोबर एकशेवीसच्या रेघेपर्यंत. रेघ बघताना बाटली डोळ्यासमोर धरतो, वरून बघितलं की फसायला होतं. लॅबचे साहेब म्हणायचे, भगवानचं द्रावण परत तपासायची गरज नाही.

बाळ सगळं संपवतं. अद्वय हे नाव तुम्ही ठेवलंत, छानच आहे, पण माझ्या जिभेवर अजून बसलेलं नाही. मी बाबू म्हणतो. राग मानू नका.

गुडघ्यांचा व्यायाम चुकवू नका.

भगवान धुरी


नौपाडा, ठाणे
सोमवार, १३ जानेवारी २०२५

श्री. भगवानराव,

तुमचे पत्र सलिलने चहाच्या कपाशेजारी ठेवले आणि मी चहा गार होईपर्यंत वाचत बसले. अक्षर उत्तम आहे. फक्त 'द्रावण' लिहिताना र जोडायला विसरला होतात आणि नंतर घुसवलात, ते दिसते. सवय हो, दुसरे काही नाही.

खरे सांगायचे तर योगिनी कामावर जाणार म्हटल्यावर अद्वयला माझ्याकडे ठेवावे अशी माझी फार इच्छा होती. पण नोव्हेंबरमध्ये दोन्ही गुडघे बदलून घेतले. अजून काठी सुटली नाही. बाळाला उचलून चार पावले टाकण्याचा धीर होत नाही. त्यामुळे तुमच्याकडे तो आहे याचा आनंदही आहे आणि थोडा हेवाही. हे मी समोरासमोर बोलले नसते. कागदावर बोलता येते.

मापांचे मला काही कळत नाही. सलिल लहान असताना आमच्या घरी पावडर वगैरे आणत नसत. माझे दूध पुरत नव्हते, तेव्हा गवळ्याच्या दुधात सासूबाई पाणी घालायच्या, किती ते त्यांच्या हाताला ठाऊक. पोर वाढले. तुमची एकशेवीसची रेघ वाचून मात्र मला बरे वाटले. माझ्या नातवाचे दूध डोळ्यासमोर धरून कोणी बघते आहे.

दर रविवारी मुले त्याला इकडे आणतात. दुपारच्या दोन बाटल्या तेवढ्या माझ्या वाट्याला येतात. मी ओट्याशी खुर्ची ठेवून बसूनच करते.

बाबू म्हणा, हरकत नाही. पण दिवसातून एकदा अद्वयही म्हणत जा, त्याला आपले नाव कळले पाहिजे.

शीला वैद्य


ठाकुर्ली
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

शीलाताई,

दिवसातून दोनदा अद्वय म्हणतो. तो बघत पण नाही.

आज थोडं काळजीचं लिहितोय. गेले दहा दिवस बाबूला शी करताना फार त्रास होतोय. दोन-दोन दिवस होतच नाही, आणि होते तेव्हा कडक, गोळ्यांसारखी. तोंड लाल करून कुंथतो, पाय पोटाशी घेतो आणि रडतो. दूध संपवतो, पण संपल्यावर पण जीभ बाहेर काढत राहतो, जसं काही तहान लागलेली आहे. दुपारी किरकिर करतो. मी खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारतो, तेव्हा शांत होतो.

आणि या रविवारी तुमच्याकडे गेला तर पठ्ठ्या एकदम बरा. योगिनी परवा सहज म्हणाली, "बाबा, आईंच्या घरी त्याला मानवतं." ती सहज म्हणाली, पण माझ्या डोक्यात ते बसलं. मी विचार केला, इथे आणि तिथे फरक काय? हात स्वच्छ, बाटली तीच, डबा पण तोच, पिशवीतून येतो-जातो. उरलं काय, तर पाणी.

मग मी इथल्या पाण्यात साबण घोळून बघितला. फेस येतो, पण मनासारखा नाही. म्हणून सलिलरावांना सांगून काल तुमच्या घरचं पाच लिटर पाणी कॅनमध्ये मागवलेलं. तुम्हाला ते बोलले नसतील, लाजले असतील. आज सकाळपासून त्याच पाण्याची बाटली देतोय. अजून फरक नाही.

तुम्ही तिकडे वेगळं काय करता, तेवढं कळवा.

भगवान


नौपाडा, ठाणे
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

भगवानराव,

सलिल कॅन भरताना मी विचारले, तर म्हणाला ऑफिसमध्ये नळाला पाणी नाही. त्याला खोटे बोलता येत नाही हे मला त्याच्या पहिलीपासून माहीत आहे, पण मी खोदून विचारले नाही.

पाण्यात काही असेल असे मला वाटत नाही. आमचे घर हवेशीर आहे, मागे चिंचेचे झाड आहे, दुपारी गारवा असतो. त्याने बाळ रमत असेल. काही मुलांना एखादी जागा मानवते. याचे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही किती निगुतीने करता, ते योगिनी मला दर रविवारी सांगते.

या रविवारी, २६ तारखेला, अद्वयचे बोरन्हाण करायचे ठरवले आहे. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या आणवल्या आहेत. हलव्याचे दागिने शेजारच्या सोनलने केले आहेत. तुम्ही यायचेच. आजोबांशिवाय त्याला पाटावर कोण धरून बसणार? माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत.

शीला


ठाकुर्ली
सोमवार, २७ जानेवारी २०२५

शीलाताई,

कालचा कार्यक्रम देखणा झाला. मुकुट घातलेला बाबू आणि त्याच्या डोक्यावरून घरंगळणारी बोरं, हे मी विसरणार नाही. योगिनीची आई असती तर तिने पहिली मूठ ओतली असती. तुम्ही ती मला ओतायला लावलीत, त्याबद्दल काय लिहू.

पण एक गोष्ट पोटात ठेवून घरी आलोय आणि ती विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही. राग आला तर स्पष्ट सांगा.

पाहुण्यांचं हळदीकुंकू चाललेलं तेव्हा बाबू भुकेने रडायला लागला. मी स्वयंपाकघरात आलो. तुम्ही बाटली तयार करून ओट्यावर ठेवलेली. मी उचलली, हलवली आणि उजेडासमोर धरली. शीलाताई, आयुष्यभर मी रंगावरून द्रावण ओळखलंय. ते दूध पातळ होतं. माझ्या बाटलीपेक्षा खूपच पातळ, काचेला धरतच नव्हतं. तुम्ही मागे उभ्या होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि लगेच वाटीतला तीळगूळ नीट करायला लागलात.

घरात पाहुणे होते, म्हणून मी काही बोललो नाही. बाबूला ती बाटली पाजली. त्याने मजेत प्यायली आणि माझ्या मांडीवर झोपला.

तुम्ही किती चमचे घालता?

भगवान धुरी


नौपाडा, ठाणे
बुधवार, २९ जानेवारी २०२५

भगवानराव,

तीन.

डब्यावर चार लिहिले आहेत, हे मला माहीत आहे. मी तीन घालते. कधी तिसराही पूर्ण भरत नाही.

पहिल्या रविवारी मी चारच घातले होते. त्या दिवशी तो कुंथून रडला. मला सासूबाईंचा हात आठवला, दूध जड जाते म्हणून पाणी वाढवणारा. पुढच्या रविवारी मी एक चमचा कमी केला आणि तो दुपारभर हसत खेळला. मी कोणाला सांगितले नाही. सलिलला सांगितले असते तर त्याने योगिनीला सांगितले असते आणि तिने डॉक्टरांना विचारले असते, आणि डॉक्टर नको म्हणाल्या असत्या. इथवर सगळे मला समजत होते.

न सांगण्याचे दुसरे कारण याहून वाईट आहे. तुमच्याकडे तो रडतो आणि माझ्याकडे हसतो, हे मला आवडत होते. तुमचे पाण्याच्या कॅनचे पत्र आले तेव्हा मला सत्य लिहायची संधी होती. मी चिंचेच्या झाडाबद्दल लिहिले. चौतीस वर्षे मुलांना खरे लिहा म्हणून सांगितले, आणि साठी उलटल्यावर स्वतः असे वागले. मला क्षमा करा. पोर भुकेले राहिले असेल, या विचाराने आता अंगावर काटा येतो.

आता दुसरे. हे मी माझी चूक झाकण्यासाठी लिहीत नाही, शंका आहे म्हणून लिहिते. चार चमचे बरोबर असतील, तर त्या चार चमच्यांनी त्याला खडा का होतो? काल रात्रीपासून हाच विचार डोक्यात होता. आज सकाळी भिंग घेऊन डब्यामागची बारीक अक्षरे वाचली. रविवारी संपलेला डबा पिशवीतून परत द्यायला विसरले होते, तोच. मग तुमचे पहिले पत्र काढून शेजारी ठेवले आणि दोन्ही पुन्हा वाचले.

डब्यावर लिहिले आहे, उकळून कोमट केलेले पाणी बाटलीत मोजून घ्या, मग त्यात चमचे घाला. तुम्ही लिहिले आहे, चार चमचे घालतो, मग पाणी रेघेपर्यंत. डब्यावर लिहिले आहे, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा, दाबू नका. तुम्ही लिहिले आहे, दोनदा ठोकून दाबून भरतो.

मला रसायन येत नाही. वाक्याचा क्रम मात्र कळतो. आधी आणि मग यांची अदलाबदल झाली की वाक्याचा अर्थ बदलतो. दुधाचाही बदलतो का, ते तुम्ही सांगा.

शीला वैद्य


ठाकुर्ली
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

शीलाताई,

बदलतो.

तुमचं पत्र गुरुवारी संध्याकाळी मिळालं. मी दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसून राहिलो. लॅबमध्ये आम्हाला शिकवलेलं की आधी पदार्थ फ्लास्कमध्ये घालायचा, मग रेघेपर्यंत पाणी. तिथे तेच बरोबर. हात तसाच वळलेला. डब्यावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. आपल्याला येतं, असं धरून चाललो.

शुक्रवारी योगिनीची रजाच होती. बाळाला तिच्याकडे ठेवून मी हिशेब करायला बसलो. आधी एकशेवीस पाणी घेतलं, त्यात चार सपाट चमचे घालून ढवळलं. दूध एकशे तेहेतीसच्या आसपास आलं. म्हणजे माझ्या बाटलीत दर वेळी तेरा मिली पाणी कमी पडत होतं. मग चमचा आणि पावडरची पुडी घेऊन स्टेशनजवळच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. म्हटलं, काट्यावर जरा वजन करून दे. तो म्हणाला, "काका, हे काय आणलंत?" दुकानात बांगड्या बघायला आलेल्या बायका पण बघायला लागल्या. सपाट चमचा साडेचार ग्रॅमच्या आतच. माझा ठोकून भरलेला पाच ग्रॅमच्या वर. पाणी कमी आणि पावडर जास्त, दोन्ही चुका एकाच बाजूला. माझ्या तीन बाटल्यांत जवळजवळ साडेतीन बाटल्यांची पावडर जात होती. बाळ तहानेने जीभ बाहेर काढत होतं आणि मी साबणाचा फेस बघत बसलेलो.

दुकानातून परत आलो आणि सरळ चौथ्या मजल्यावर गेलो. योगिनी कपडे घड्या करत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तुमच्या तीन चमच्यांचं पण सांगितलं, ते लपवून चालण्यासारखं नव्हतं. तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाबा, बसा आधी." पाणी दिलं. म्हणाली, "माझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं. मी सकाळ-संध्याकाळ करते ती बाटली तुम्हाला एकदा दाखवली असती तर झालं असतं. तुम्ही लॅबवाले, म्हणून मी काही बोललेच नाही."

संध्याकाळी डोंबिवलीला डॉक्टर रसिकांकडे गेलो. त्यांनी बाबूला तपासलं, वजन केलं, लंगोट दिवसाला किती भिजतात विचारलं. म्हणाल्या, बाळ ठीक आहे. योगिनीच्या बाटल्या बरोबर होत्या, म्हणून निभावलं. पण घट्ट दुधाने बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, अंगातलं पाणी कमी होतं. आणि पातळ दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं, पण वाढ खुंटते. मी विचारलं, "मग दोन्ही मिळून बरोबर झालं का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, बाळाची सरासरी काढत नाहीत. प्रत्येक बाटली बरोबर पाहिजे."

शीलाताई, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला तो रडलेला बघवला नाही. मला स्वतःची हुशारी सोडवली नाही. तुमचे गुडघे बरे झाले की बाळाला तुमच्याकडेच ठेवूया, असं मी मुलांना सुचवणार आहे. तोवर कुठलं तरी चांगलं पाळणाघर बघू.

भगवान


ठाकुर्ली
गुरुवार, ६ फेब्रुवारी

आई,

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, मेसेजच करते. पण मेसेज सलिल वाचून दाखवतो आणि हे त्याच्यासमोर नको. त्याला फक्त पाकीट दिलंय.

बाबांनी तुम्हाला सगळं लिहिलं, म्हणाले. एक गोष्ट लिहिली नसणार. शनिवारपासून त्यांनी डब्याला हात लावलेला नाही. बाळाला सांभाळतात, अंघोळ घालतात, झोपवतात, पण दुधाची वेळ झाली की समोरच्या शेवंतीबाईंना हाक मारतात. त्या येऊन बाटली करून देतात, मग बाबा पाजतात. मी विचारलं तर म्हणाले, "ती पण बरोबरच करते, बिघडलं कुठे." शेवंतीबाई चांगल्या आहेत, पण त्यांचं स्वतःचं घर आहे. परवा त्या बाजारात गेलेल्या तर बाळ वीस मिनिटं रडत होतं आणि बाबा दारात उभे राहून त्यांची वाट बघत होते. डबा आत ओट्यावर होता.

आई, मला तुमचाही राग आला होता. खोटं कशाला सांगू. रविवारी तुम्ही माझ्यासमोर पाणी मोजलंत, चार चमचे सपाट केलेत आणि बाटली माझ्या हातात देऊन म्हणालात, "तपास." तेव्हा गेला.

बाबांना पाळणाघराचं मनापासून म्हणायचं नाहीये. बाळ त्यांच्याकडे आल्यापासून ते पहिल्यांदा वेळेवर जेवायला लागलेत. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

योगिनी


नौपाडा, ठाणे
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

भगवानराव,

बाळाला माझ्याकडे ठेवण्याची तुमची सूचना मी नाकारत आहे. महिन्याभरापूर्वी हीच सूचना आली असती तर मी पेढे वाटले असते. आता नको. कारण सरळ आहे. तुम्हाला तुमची चूक कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ती सोनाराच्या काट्यावर नेऊन ठेवलीत, मुलीला सांगितलीत आणि डॉक्टरांना सांगितलीत. मला माझी चूक पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि तुम्ही विचारेपर्यंत मी ती सांगितली नाही. अशा दोघांपैकी बाळ कोणाकडे असावे, हे ठरवायला फार विचार लागत नाही.

पाळणाघरही नको. मी मुलांना तसे सांगितले आहे.

तुम्ही डब्याला हात लावत नाही, असे कानावर आले. कोणी सांगितले ते विचारू नका. वर्गात एखादे मूल एकदा चुकीचे उत्तर देते आणि मग वर्षभर हात वर करत नाही. अशी मुले मी खूप पाहिली. त्यांना समजावून काही होत नाही. त्यांना पुन्हा फळ्याशी उभे करावे लागते.

येत्या बुधवारी, १२ तारखेला, अकरा वाजता मी तुमच्याकडे येणार आहे. सलिल गाडी करून देईल. तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे, हे योगिनीने सांगितले. दुपारचे जेवण तुमच्याकडेच करीन, साधे करा. भिंग बरोबर आणते. डब्यावरचे मी मोठ्याने वाचीन, तुम्ही करा. मी वाचल्याशिवाय पुढची कृती करायची नाही आणि तुम्ही केल्याशिवाय मी पुढची ओळ वाचणार नाही. एवढे दोघांनी पाळले तर चूक होणार नाही.

शेवंतीबाईंना त्या दिवशी सुट्टी द्या.

शीला


ठाकुर्ली
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

शीलाताई,

तुम्ही येऊन गेलात त्याला नऊ दिवस झाले. लगेच लिहिलं नाही, कारण आधी नीट बघायचं होतं.

तुमच्यासमोर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वाचत होतात आणि मी करत होतो. दुसरा चमचा अर्धा बाहेर सांडला, तेव्हा तुम्ही नुसतं म्हणालात, "पुन्हा पहिल्यापासून," आणि भिंग उचलून पहिली ओळ वाचलीत. मला लॅबमधला पहिला महिना आठवला. तिथे साहेब ओरडायचे. तुम्ही ओरडला नाहीत.

तुम्ही गेल्यावर काय झालं, ते आता सांगतो. गाडी चारला निघाली. पाचला बाबू उठला आणि ओठ चावायला लागला. शेवंतीबाईंना तुमच्या येण्याचं माहीत होतं, पण तुम्ही गेलेल्या त्यांनी खिडकीतून बघितलं असणार. बेल वाजली. म्हणाल्या, "काका, करून देऊ का दूध?"

मी म्हटलं, "नको. मी करतोय."

त्यांनी चपला काढल्या. म्हणाल्या, "बसू का इथे?"

म्हटलं, "बसा, पण बघू नका."

त्या बाहेरच्या खोलीत बाबूला घेऊन बसल्या. तुम्ही मोठ्या अक्षरात लिहून दिलेला कागद मी ओट्यावरच्या टाईलला चिकटवलेला. चष्मा लावला. एक ओळ वाचली, तेवढंच केलं. पुढची वाचली, तेवढंच केलं. पाणी एकशेवीस, रेघ डोळ्यासमोर धरून. चार चमचे, सुरीच्या पाठीने सपाट. ठोकायला हात उचलला जात होता, तो आवरला. झाकण लावून हलवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. एवढ्याला मला बारा मिनिटं लागली. बाबू तोवर रडून लाल झालेला. शेवंतीबाईंनी हाक मारली नाही, हे त्यांचे उपकार.

त्याने शंभर प्यायली आणि तोंड फिरवलं. आधी मी असं झालं की परत तोंडात द्यायचो, मापाची संपवलीच पाहिजे म्हणून. त्या दिवशी नाही दिली. खांद्यावर घेतला, ढेकर काढला. उरलेलं ओतून टाकलं. शेवंतीबाई म्हणाल्या, "वाया गेलं." मी म्हटलं, "त्याला नको होतं."

योगिनी सातला आली. बाटली धुतलेली, उलटी घातलेली होती. तिने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणी केलं?" म्हणाली. मी म्हटलं, "मी." तिने पर्स खाली ठेवली आणि बाळाला न घेता आधी माझ्या गळ्यात हात टाकले. लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी म्हटलं, भाजी गरम करू का.

आता तब्येतीचं. दूध बरोबर मिळायला लागल्यावर चौथ्या दिवसापासून शी मऊ व्हायला लागली. आता रोज होते. परवाच्या दिवशी तर माझ्या शर्टावरच केली, आणि मी शेवंतीबाईंना बोलवून दाखवली, इतका आनंद झाला. दुपारची किरकिर गेली. काल डॉक्टर रसिकांनी वजन केलं. सहा किलो सातशे, तीन आठवड्यांत पाऊण किलोच्या जवळ वाढ. त्यांनी रोजचं विचारलं आणि आता एकशेपन्नास पाण्याला पाच चमचे करा म्हणाल्या. बाहेर आल्यावर योगिनी म्हणाली, "बाबा, कागदावर बदलून लिहायचं?" मी म्हटलं, अक्षर आईंचं आहे, त्याच येऊन लिहितील. माझं अक्षर त्याच्या शेजारी चांगलं नाही दिसत.

तर पुढच्या बुधवारी या. जेवणाला कुळथाची पिठी आणि भात करतो, मागच्या वेळी तुम्ही दोनदा मागून घेतलीत, ते माझ्या लक्षात आहे. दर बुधवारी आलात तर लिफ्टवाल्यालाच सांगून ठेवतो, खुर्ची खाली आणून ठेव म्हणून. सलिलराव म्हणतात, आई विचार करतेय. विचार कसला करायचा त्यात?

हे लिहिता लिहिता बाबू जागा झालाय. पाळण्यातून माझ्याकडे बघतोय, हाताची मूठ तोंडात. मी आत्ता "अद्वय" म्हटलं. त्याने मूठ बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. नावाला बघितलं का आवाजाला, ते सांगता येणार नाही.

सव्वाअकरा झालेत. पाणी उकळून झालंय, कोमट व्हायला ठेवलंय. इथेच थांबतो, बाटली करायची आहे.

भगवान